नेटवरचे साहित्य वर्गापर्यंत

१. सगळे नेटवर आहे, मग अडते कुठे?

शिक्षकांच्या घरातली माणसे एक प्रश्न हमखास विचारतात. आजकाल सगळे नेटवर मिळते, मग उद्याच्या तासासाठी रात्री अकरापर्यंत कागद कापत का बसायचे? प्रश्न रास्त आहे. 'अपूर्णांक' एवढा एक शब्द शोधयंत्राला दिला तरी चित्रफिती, तक्ते आणि सरावसंच यांची रीघ लागते. पाचवीच्या वर्गाला मात्र नेमकी एक वस्तू हवी असते: समच्छेद, म्हणजे छेद सारखा असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेची कृतिपत्रिका. ती मराठीत हवी, राज्याच्या पाठ्यपुस्तकातल्याच संज्ञा वापरणारी हवी, एका पानात मावणारी हवी आणि शाळेच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर नीट उमटणारी हवी.

इतक्या अटी पुऱ्या करणारी कृतिपत्रिका कुणीतरी, बहुधा शेजारच्याच तालुक्यात, आधीच तयार केलेली असते. ती इकडे पोचत नाही. याचा दोष सहसा शोधणाऱ्याच्या माथी मारला जातो: त्याला तंत्रज्ञान जमत नाही, तो 'तंत्रस्नेही' नाही वगैरे. खरी कारणे बहुतेक वेळा ठेवणाऱ्याच्या बाजूला असतात. फाइलला धड नाव नसते, इयत्ता लिहिलेली नसते, दुसऱ्याने वापरावी की नाही याचा उल्लेख नसतो. हे प्रकरण शोधण्याबद्दल आहे, पण त्यातला बराच भाग ठेवण्याबद्दल आहे तो यामुळे.

शैक्षणिक साहित्य या शब्दात येथे तक्ते, कृतिपत्रिका, पाठटाचणे, प्रश्नपेढ्या, चित्रफिती, ध्वनिफिती आणि खेळ असे सारे धरले आहे. नेट येण्यापूर्वीही हे साहित्य फिरतच होते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखादा चांगला तक्ता दिसला की चार जण तो वहीत उतरवून घेत, आणि 'जीवन शिक्षण' मासिकातले उपक्रम शाळाशाळांत वाचले जात.

२. कोठारे, माणसे आणि गट

नेटवरचे शैक्षणिक साहित्य तीन तऱ्हेच्या ठिकाणी सापडते.

पहिली तऱ्हा संस्थांनी जपलेल्या कोठारांची. भारतात सर्वांत मोठे सरकारी कोठार 'दीक्षा'. ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी सुरू झाले आणि एनसीईआरटीकडून चालवले जाते. त्याआधी २०१३ मध्ये एनसीईआरटीनेच खुल्या शैक्षणिक साहित्याचे एक राष्ट्रीय भांडार सुरू केले होते. पुण्याची बालभारती, म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेले पाठ्यपुस्तक मंडळ, आपली पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात देते. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिने नेटवर ठेवले आहेत, आणि भाषेच्या शिक्षकाला पूरक वाचनासाठी त्याहून सोयीचा साठा मराठीत क्वचितच मिळेल. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीव्हीव्हर'वर मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी आहेत. विज्ञान-गणितासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा प्रकल्प आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यातल्या अनेक संगणकीय प्रतिकृती मराठीतही चालतात, आणि विद्युतमंडल जोडून पाहणे किंवा अपूर्णांकांचे तुकडे जुळवणे अशी कामे मुले पडद्यावर करू शकतात.

दुसरी तऱ्हा एकेकट्या माणसांची. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता हे याचे ठळक उदाहरण. टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या चित्रफिती आणि हजारो पुस्तके त्यांनी आपल्या संकेतस्थळावर मांडली. त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर भूमितीचे आकार उभे करणारी त्यांची पद्धत ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तिथेही चालते. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

तिसरी तऱ्हा गटांची, आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांचे प्रत्यक्ष व्यवहार बहुतांशी इथेच होतात. केंद्राचा व्हॉट्सॲप गट, तालुक्याचा गट, इयत्तेचा, विषयाचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही रोजची अभ्यासमाला काढली, तीही पालकांच्या फोनपर्यंत गेली ती मुख्यतः याच वाटेने. गटाचा वेग कुठल्याही कोठाराला नाही. सकाळी मागितलेली प्रश्नपत्रिका दुपारच्या सुट्टीपर्यंत हातात येते.

त्याची किंमतही मोजावी लागते. गटावर आलेले साहित्य परिपत्रके, 'माहिती तातडीने भरा' असे निरोप आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्याखाली दोन दिवसांत गाडले जाते. फोन बदलला की जुने गेले. गटात नंतर आलेल्या शिक्षकाला आधीचे बहुधा दिसतच नाही. शिवाय फोटो म्हणून पाठवलेले पान आकुंचित होऊन पोचते आणि बारीक आकडे फुटतात. तेच पान दस्तऐवज म्हणून पाठवले तर मूळ स्पष्टपणा टिकतो. ही एक साधी गोष्ट पाळली गेली असती तर अपूर्णांकांच्या कितीतरी पानांवर ३ आणि ८ यांत घोळ झाला नसता.

अमेरिकेत चौथीही तऱ्हा आहे: बाजार. न्यूयॉर्कमधील शिक्षक पॉल एडेलमन यांनी २००६ मध्ये 'टीचर्स पे टीचर्स' सुरू केले आणि तिथे शिक्षक आपापल्या कृतिपत्रिका एकमेकांना विकतात. मराठी शाळांत देवघेव प्रामुख्याने फुकटच चालते.

३. क्यूआर कोडच्या मागे काय असते?

पाठ्यपुस्तकातल्या धड्याजवळचा काळा-पांढरा चौकोन फोनने टिपला की त्या धड्याची चित्रफीत उघडते. चौकोनात चित्रफीत भरलेली असते असा समज मुलांचा तर असतोच, काही पालकांचाही असतो. चौकोनात असतो तो एक छोटा संकेतांक. दीक्षाच्या पुस्तकांत तो सहा अक्षर-आकड्यांचा असतो आणि चौकोनाखाली छापलेलाही असतो. कॅमेरा बिघडला असेल तर तो हाताने टंकूनही धडा उघडता येतो. संकेतांक पोचला की दीक्षाचा संगणक आपल्या नोंदवहीत पाहतो आणि त्या धड्याला जे साहित्य जोडलेले असेल ते पुढे करतो.

या रचनेचा फायदा असा की पुस्तक एकदा छापले तरी जोडलेले साहित्य पुढे बदलता येते. चित्रफितीत चूक आढळली तर नोंदीत नवी जोडली जाते आणि छापील चौकोन तसाच चालतो. तोटाही यातच आहे: नोंदीत काही जोडलेलेच नसेल तर चौकोन टिपूनही हाती काही लागत नाही.

पाठ्यपुस्तकाला असे कोड जोडण्याच्या प्रयोगासाठी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ओळखले गेले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून दिली.

कोड नसतानाही दीक्षात शोधता येते, कारण प्रत्येक साहित्याला मंडळ, माध्यम, इयत्ता आणि विषय यांच्या खुणा लावलेल्या असतात. वापरणाऱ्याने आधी या चार गोष्टी निवडल्या की उरते ते बरेचसे कामाचे असते. साहित्य फोनवर उतरवून घेतले की वर्गात नेट नसले तरी दाखवता येते. ज्या गावात एकाच टेकाडावर रेंज मिळते तिथे ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे.

४. मराठीत शोधताना

खुणा नसलेल्या, मोकळ्या नेटवर शोधताना मराठी शिक्षकाला दोन अडथळे येतात.

पहिला लिपीचा. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात आणि व्याकरणाच्या कितीतरी संज्ञा दोन्हींत सारख्या आहेत. 'विशेषण' असे शोधले तर हिंदी पाने आधी येतात. अशा वेळी जोडीला फक्त मराठी शाळेतच चालणारा शब्द द्यावा. 'विशेषण इयत्ता सहावी स्वाध्याय' या शोधात 'इयत्ता' हा शब्द गाळणीचे काम करतो, कारण हिंदीत त्या जागी 'कक्षा' येते. सेमी इंग्रजीच्या वर्गांसाठी गणित-विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीत टंकाव्या लागतात, आणि मग जगभरचे निकाल येतात. तिथे राज्य मंडळाचे नाव जोडल्याशिवाय निभाव लागत नाही.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकला जाई. अशा फाइलमध्ये पडद्यावर 'अपूर्णांक' दिसत असले तरी संगणकाने साठवलेली असतात ती भलतीच अक्षरे आणि चिन्हे. तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की लगेच कळते: निरर्थक चिन्हांची ओळ उमटते. शोधयंत्रही तीच ओळ वाचत असल्याने ती फाइल त्याच्या लेखी मराठी नसतेच. कागद स्कॅन करून केलेल्या पीडीएफची गतही अशीच, कारण ते पान म्हणजे नुसते चित्र असते. चित्रातला मजकूर ओळखणारी साधने आता मराठीसाठीही उपलब्ध आहेत. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली स्कॅन प्रत गूगल डॉक्समध्ये उघडली तर तिचा मजकूर बऱ्यापैकी सुटा होऊन मिळतो. जोडाक्षरे मात्र एकदा तपासून घ्यावी लागतात.

नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत लिहावा. फक्त पीडीएफ हव्या असतील तर शोधशब्दांपुढे इंग्रजी अक्षरांत 'फाइलटाइप', त्याला जोडून अपूर्णविराम आणि 'पीडीएफ' असे टंकावे. एवढ्यावरही जाहिरातींची गर्दी पुष्कळ कमी होते.

५. सापडलेले पारखणे

सापडलेले साहित्य बरोबर असेलच असे नाही, आणि सुंदर दिसणाऱ्या साहित्यात चूक असली तर ती जास्त दूर जाते. अपूर्णांकांचेच उदाहरण घ्यावे. एक तृतीयांश दाखवण्यासाठी वर्तुळात दोन उभ्या रेषा समान अंतरावर ओढून तीन पट्टे केलेले चित्र अनेक कृतिपत्रिकांत दिसते. पट्ट्यांची रुंदी सारखी असली तरी क्षेत्रफळ सारखे नसते: मधला पट्टा वर्तुळाचा सुमारे ४२ टक्के भाग व्यापतो आणि कडेचे दोन्ही प्रत्येकी सुमारे २९ टक्के. 'समान भाग' ही अपूर्णांकाची पहिली अटच या चित्रात मोडते. वर्तुळाचे तीन समान भाग करायचे तर मध्यबिंदूपासून तीन त्रिज्या १२० अंशांवर ओढाव्या लागतात. आयताला उभे पट्टे चालतात.

असे दोष पाहण्याची रीत एकच: कृतिपत्रिका वर्गात नेण्यापूर्वी पेन घेऊन स्वतः सोडवणे. उत्तरसूची दिलेली असली तरी सोडवावी. हल्ली संभाषण करणाऱ्या संगणकीय प्रणालींकडून प्रश्नपत्रिका तयार करून घेण्याची पद्धत वाढली आहे. तिच्यातली भाषा सफाईदार असते, आणि १/२ + १/३ = २/५ असली चूकही त्याच सफाईने लिहून येऊ शकते.

६. फुकट आणि खुले

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. नेटवर पैसे न देता मिळते ते फुकट. ते जवळ ठेवण्याची, वापरण्याची, बदलण्याची, दुसऱ्या साहित्यात मिसळण्याची आणि पुढे वाटण्याची परवानगी आधीच दिलेली असेल तर ते खुले. या पाच परवानग्यांची मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांची आहे. खुल्या शैक्षणिक साहित्याची संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधल्या बैठकीत रूढ झाली, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने सदस्य देशांसाठी त्यावर रीतसर शिफारसही मंजूर केली.

बालभारतीचे पुस्तक पीडीएफ रूपात फुकट मिळते, पण आतल्या पानावर सर्व हक्क मंडळाकडे असल्याची आणि लेखी परवानगी घेण्याची सूचना असते. म्हणजे ते फुकट आहे, खुले नाही. स्टोरीव्हीव्हरवरची गोष्ट फुकटही आहे आणि खुलीही.

खुलेपणा जाहीर करण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने. ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी परवाने आले. चार अटींच्या जोडण्यांतून सहा परवाने होतात. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या. ही अट सहाही परवान्यांत असते. 'एसए' म्हणजे बदलून वाटलेत तर त्याच अटींवर वाटा. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. 'एनडी' म्हणजे बदललेली प्रत वाटू नका.

हे प्रत्यक्षात कसे लागू पडते ते एका उदाहरणाने कळेल. धुळ्याकडच्या एका शाळेत पहिलीची मुले घरी अहिराणी बोलतात, आणि शिक्षकाला मराठी गोष्ट अहिराणीत करून तिच्या तीस प्रती वाटायच्या आहेत. गोष्टीवर 'बीवाय' परवाना असेल तर कुणालाही न विचारता हे करता येते. खाली गोष्टीचे नाव, लेखक, चित्रकार, मूळ ठिकाण, परवान्याचे नाव आणि 'अहिराणी रूपांतर' असा शब्द लिहिला की झाले. तीच गोष्ट 'एनडी' परवान्याची असती तर रूपांतर वाटता आले नसते, कारण भाषांतर हा बदलच आहे. गूगलच्या चित्रशोधात वापराच्या हक्कानुसार गाळण्याची सोय आहे, आणि विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. तक्त्यासाठी चित्र घेताना तिथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे.

७. कायदा वर्गात काय करू देतो?

परवाना नसलेल्या गोष्टींना शिक्षकाने हातच लावायचा नाही असे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत, तसेच प्रश्नपत्रिकेत वापरलेला उतारा, यांना सवलत आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर खटला भरला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली पाने एकत्र करून तिथे संच विकले जात. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांचा दावा फेटाळला आणि डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठीची सवलत उचलून धरली. ही सवलत वर्गातल्या अध्यापनाशी बांधलेली आहे. तेच पुस्तक स्कॅन करून साऱ्या जगाला खुल्या दुव्यावर ठेवले तर तिच्या आडोशाला उभे राहता येईल असे धरून चालू नये.

जुन्या साहित्याचे गणित वेगळे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. लेखन मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले असेल तर ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये संग्रहरूपाने आली, तेव्हा त्या संग्रहाचा हक्क २०१२ अखेर संपला. कुसुमाग्रजांच्या कवितांवर तो २०५९ अखेरपर्यंत आहे. मूळ लेखन मोकळे झाले तरी नव्या आवृत्तीतली चित्रे आणि प्रस्तावना यांचे हक्क स्वतंत्र असतात.

८. ठेवताना

आपले साहित्य दुसऱ्याला सापडावे असे वाटत असेल तर सुरुवात फाइलच्या नावापासून करावी. 'नवीन फायनल २' किंवा कॅमेऱ्याने दिलेला आकडा हे नाव म्हणजे फडताळातले एकसारखे स्टीलचे डबे: ज्याने भरले त्यालाच साखर कुठली आणि मीठ कुठले ते ठाऊक. 'इ५ गणित समच्छेद अपूर्णांक बेरीज कृतिपत्रिका २०२५' हे नाव लांब आहे, पण फोनच्या शोधातही ते सापडते.

नावात पाठ्यपुस्तकाचा पान क्रमांक घालण्याची सवय मात्र सोडावी. २०२३-२४ मध्ये राज्यातली दुसरी ते आठवीची पुस्तके वहीची पाने जोडून चार भागांत आली, आणि पुढे ती पद्धत मागे घेतली गेली. पानांवर बेतलेल्या याद्यांचा ताळमेळ दोनदा बिघडला. घटकाचे नाव घातलेल्या फाइलला या फेरबदलांची झळ लागली नाही.

दुसरी गोष्ट, बदलता येईल अशी प्रत. एका वर्गात बारा मुले असतात, दुसऱ्यात पन्नास. कुणाला सहा गणिते पुरतात, कुणाला अवघड चार काढून सोपी घालायची असतात. पीडीएफसोबत मूळ वर्ड किंवा गूगल डॉक्सची फाइल दिली तर हे जमते. अनेक शिक्षक त्याऐवजी पानभर तिरके आपले नाव आणि शाळा छापतात. त्यामागची चीड समजण्यासारखी आहे, कारण नाव पुसून स्वतःच्या नावाने पुढे पाठवणारे गटात असतातच. पण तिरक्या अक्षरांमुळे झेरॉक्सवर गणितेच वाचता येत नाहीत. तळाशी एका ओळीत नाव, साल आणि परवाना लिहिला तर श्रेयही राहते आणि पानही वापरण्याजोगे उरते.

तिसरी, प्रतीऐवजी दुवा. फाइल पाठवली की तिच्या शेकडो प्रती होतात आणि उत्तरसूचीतली चूक सुधारली तरी जुन्या प्रती फिरतच राहतात. ड्राइव्हवरच्या एकाच फाइलचा दुवा दिला तर सुधारणा सर्वांना मिळते. दुवा देताना 'कुणीही पाहू शकेल' ही परवानगी निवडायची राहून जाते आणि मग रात्री दहाला परवानगीच्या विनंत्या येऊ लागतात. उलट, 'कुणीही बदलू शकेल' असे ठेवले तर मूळ फाइलच कुणीतरी पुसून टाकते.

९. मुलांचे चेहरे

उपक्रमासोबत वर्गाचे फोटो पाठवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे, आणि साहित्यापेक्षा फोटोच जास्त वेगाने फिरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हे तत्त्व ठेवले आहे. उपक्रम समजावण्यासाठी चेहरा लागत नाही. फळ्याचा, हातांचा किंवा तयार झालेल्या वस्तूचा फोटो पुरतो. वहीच्या पानाचा फोटो द्यायचा असेल तर वरचे नाव आणि हजेरी क्रमांक झाकून घ्यावा. नावे, जन्मतारखा आणि आधार क्रमांक असलेली वर्गाची एक्सेल फाइल 'नमुना' म्हणून गटात टाकली जाते, तेव्हा रकाने तेवढे ठेवून माहिती आधी पुसावी. पाठवल्यानंतर 'सर्वांसाठी काढून टाका' केले तरी तोवर ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांच्या फोनवर ती राहू शकते.